लाइन एक, घरं दोन : काम, कुटुंब आणि विषमता – युरोपातलं संशोधन आणि आपला पिंपरी-चिंचवड-चाकण पट्टा

आजचा विषय नावावरून जरा लांबचा वाटेल. युरोपातल्या समाजशास्त्रज्ञांनी काम, कुटुंब आणि विषमता यांच्याबद्दल काय शोधून काढलं, हे आपण पाहणार आहोत. पण हा विषय मी इथल्याच एका प्रश्नापासून सुरू करतो. लग्नाची बोलणी चालू असतात. मुलाकडचे सांगतात, "मुलगा चाकणला कंपनीत आहे." मुलीकडचे पहिला प्रश्न विचारतात, "पर्मनंट आहे का?"

या प्रश्नात बरंच समाजशास्त्र भरलेलं आहे. पगार किती, हे नंतर विचारतात. कंपनी कोणती, हेही नंतर. कारण विचारणाऱ्याला माहीत असतं की एकाच कंपनीत, एकाच लाइनवर, एकच बोल्ट आवळणाऱ्या दोन माणसांची आयुष्यं अगदी वेगळी असू शकतात. एकाला घराचं कर्ज मिळतं, दुसऱ्याला सहा-सात महिन्यांनी 'ब्रेक' मिळतो. म्हणजे विषमता फक्त कारखान्याच्या गेटवर थांबत नाही. ती घरी येते, लग्न ठरवते किंवा मोडते, मुलांची शाळा ठरवते. आज आपल्याला समजून घ्यायचं आहे ते हेच.

आधी पट्ट्याची उजळणी

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी औषध कंपनी स्थापन झाली. १९६२ साली एमआयडीसी आली. साठच्या दशकात आकुर्डीला बजाज, पिंपरीला टेल्को, आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे भोसरीचे शेकडो लहान कारखाने असा सगळा पसारा उभा राहिला. १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण झालं, त्यामागे कामगारांना परवडणारी घरं मिळावीत हा एक मुख्य हेतू होता. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या दहा लाखांच्या आसपास होती, २०११ मध्ये ती सतरा लाखांवर गेली.

दुसरा टप्पा चाकणचा. कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं हे गाव. १९९९ मध्ये तिथे बजाजचा कारखाना सुरू झाला, २००९ मध्ये फोक्सवॅगनचा, त्याच सुमारास मर्सिडीज आणि पाठोपाठ महिंद्राचा. म्हाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी, निघोजे या गावांत शेतांच्या जागी शेड आली आणि घरांच्या मागे भाड्याच्या खोल्यांच्या रांगा आल्या. दुसरीकडे, २००७ मध्ये बजाजने आकुर्डीतलं उत्पादन थांबवलं.

हे दोन टप्पे लक्षात ठेवा. पहिल्या टप्प्यातला कामगार मुख्यतः पर्मनंट होता. दुसऱ्या टप्प्यात कंत्राटी, ट्रेनी, अप्रेंटिस, 'नीम'चा मुलगा असे नाना प्रकार आले.

ल्यूटनचे मोटार कामगार आणि निगडीचे मोटार कामगार

आता इंग्लंडमध्ये जाऊ. साठच्या दशकात तिथे एक चर्चा जोरात होती. कामगाराकडे गाडी आली, टीव्ही आला, स्वतःचं घर आलं, म्हणजे तो आता मध्यमवर्गीय झाला का? हे तपासायला केंब्रिजचे जॉन गोल्डथॉर्प, डेव्हिड लॉकवूड आणि त्यांचे सहकारी ल्यूटन या गावी गेले. तिथे व्हॉक्सहॉलचा मोटार कारखाना होता. तिथले आणि आणखी दोन कारखान्यांतले २२९ कामगार त्यांनी निवडले, सगळे विवाहित पुरुष. नुसतं कारखान्यात भेटून ते थांबले नाहीत. घरी जाऊन नवरा-बायको दोघांशी बोलले. १९६८-६९ मध्ये याचे तीन खंड निघाले.

निष्कर्ष काय? कामगार मध्यमवर्गीय झालेला नाही. त्याचा पगार कारकुनाइतका असेल, पण तो शिफ्ट आणि ओव्हरटाइम करून मिळवलेला आहे. कामात त्याला गोडी नाही, त्याला ठाऊक आहे की हे पैशासाठी आहे. मित्र, युनियनची बैठक, गल्लीतला कट्टा हे कमी झालं आणि मोकळा वेळ घरात, बायकामुलांत जाऊ लागला. संशोधकांनी याला दोन लक्षणं सांगितली : कामाकडे साधन म्हणून पाहणं, आणि आयुष्य घराच्या चार भिंतींत ओढून घेणं.

निगडी, यमुनानगर, चिंचवड इथली साठ-सत्तर-ऐंशीच्या दशकांतली पर्मनंट कामगारांची पिढी आठवा. कंपनीच्या पतपेढीचं कर्ज, प्राधिकरणातला प्लॉट, आधी एक मजला, मग दुसरा, मुलगा इंजिनिअरिंगला. ल्यूटनशी साम्य दिसतं. पण एक मोठा फरक आहे. आपल्या कामगाराने घर चार भिंतींत ओढलं नाही. त्याचा अर्धा पगार गावी जात होता. भावाचं शिक्षण, बहिणीचं लग्न, विहिरीचं काम. गावचा पुतण्या शिकायला त्याच्याच खोलीत राहत होता. एका पर्मनंट नोकरीवर दोन-तीन घरं उभी राहिली. म्हणून त्या नोकरीचं मोल पगाराच्या आकड्यापेक्षा मोठं होतं.

हे पुण्यात फार आधी एकाने नोंदवलं होतं. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लॅम्बर्ट यांनी १९५७ मध्ये पुण्यातल्या पाच कारखान्यांचा अभ्यास केला, पुस्तक १९६३ मध्ये आलं. त्यांच्या लक्षात आलं की इथला कामगार कारखान्यातल्या नोकरीकडे मालमत्तेसारखं पाहतो. एकदा मिळाली की सोडायची नाही. जमीन जशी सोडत नाहीत तशी.

ल्यूटनच्या गोष्टीला एक पुरवणी आहे. कामगार शांत आहेत, कंपनीशी जुळवून घेतात, असं चित्र त्या मुलाखतींतून निघत होतं. आणि १९६६ मध्ये त्याच व्हॉक्सहॉलच्या कामगारांनी मोठी गडबड केली. आपल्याकडेही खाऊनपिऊन सुखी समजले जाणारे टेल्कोचे कामगार सप्टेंबर १९८९ मध्ये शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले होते, हे पुणेकरांना आठवत असेल. पगार बरा असला म्हणजे तक्रार संपते असं नाही. पगारामागे मानाचाही प्रश्न असतो.

नोकरी आणि काम यांच्यामधली भिंत

आता भिंतीकडे येऊ. मार्क होल्मस्ट्रॉम या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाने बंगळूरच्या कामगारांवर १९७६ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यात त्याने संघटित नोकरीला तटबंदीच्या किल्ल्याची उपमा दिली. आत गेलात तर सुरक्षित, बाहेर राहिलात तर उघड्यावर. आठ वर्षांनी, १९८४ च्या पुस्तकात, त्याने स्वतःच ही उपमा सौम्य केली. किल्ला नाही, डोंगराचा उतार आहे म्हणाला. वर थोडे, खाली पुष्कळ, मध्ये नाना पायऱ्या.

पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे जोनाथन पॅरी यांनी भिलाईच्या पोलाद कारखान्याभोवती अनेक वर्षं काम केलं. २०२० मध्ये त्यांचा मोठा ग्रंथ आला. त्यांचं म्हणणं असं की लोकांच्या तोंडचे दोन शब्दच सगळं सांगतात : 'नोकरी' आणि 'काम'. नोकरीवाला आणि कामवाला हे एकाच वर्गाचे दोन थर नाहीत, ते जवळजवळ दोन वर्ग झाले आहेत. वस्ती वेगळी, मुलांची शाळा वेगळी, लग्नाचे संबंध वेगळे. आणि एक बारीक गोष्ट : नोकरीवाल्याच्या घरातली बाई बाहेरचं काम सोडून घरी बसते, कामवाल्याच्या घरातल्या बाईला बाहेर पडावंच लागतं.

मराठीतही तेच आहे की. "नोकरीला आहे" आणि "कंपनीत कामाला जातो" यांतला फरक आपल्याला कुणी समजावून द्यावा लागत नाही.

देशाचा आकडा पाहा. केंद्र सरकारच्या वार्षिक उद्योग पाहणीनुसार, नोंदणीकृत कारखान्यांतल्या कामगारांत ठेकेदारामार्फत आलेल्यांचं प्रमाण या शतकाच्या सुरुवातीला साधारण पाचातला एक होतं. आता ते शंभरात चाळीसच्या आसपास आहे. कंत्राटी कामगारांचा कायदा १९७० चा. त्याच्या नावातच 'नियमन व निर्मूलन' असे शब्द होते. निर्मूलन बाजूलाच राहिलं, प्रमाण दुप्पट झालं.

इथे मी एक उदाहरण घेतो. हे उदाहरण कल्पित आहे, पण पट्ट्यातल्या कुणालाही ओळखीचं वाटेल. एका लाइनवर दोघे शेजारी उभे आहेत. एक पंचेचाळीसचा, पर्मनंट, चिखलीत स्वतःचा फ्लॅट. दुसरा चोविसाचा, आयटीआय झालेला, हिंगोलीहून आलेला, खराबवाडीत चौघांत एक खोली, जेवण मेसचं. पहिल्याला कंपनीची बस. दुसरा शेअर रिक्षाने येतो. पहिल्याची रजा आधी ठरते. दुसऱ्याने रजा घेतली तर दिवस भरत नाही. पहिला मुलीच्या बारावीचा विचार पुढच्या दोन वर्षांचा करतो. दुसरा पुढच्या ब्रेकपर्यंतचा करतो.

फ्रान्सचे रोबेर कास्तेल यांनी १९९५ मध्ये नेमकं हेच मांडलं. पगारी नोकरीने शंभर वर्षांत माणसाला पैशापलीकडचं काहीतरी दिलं होतं, ते म्हणजे उद्याची खात्री. आजार, म्हातारपण, बेकारी यांच्याविरुद्धचा आधार नोकरीला जोडलेला होता. नोकरी तुकड्यातुकड्याची झाली की आधारही तुकड्यातुकड्याचा होतो. मग माणूस गरीब नसला तरी कायम काठावर उभा असतो.

आणि उद्याची खात्री नसेल तर कुटुंब कसं सुरू करायचं? लग्नाच्या बोलण्यांतला तो प्रश्न हुंड्याइतकाच कठोर आहे, पण त्यामागे मुलीच्या बापाचं साधं गणित आहे.

घरातली शिफ्ट

आतापर्यंत आपण पुरुषांबद्दलच बोललो. युरोपातल्या संशोधनाचीही बराच काळ हीच गत होती. ल्यूटनच्या अभ्यासात बायका होत्या, पण 'कामगाराची बायको' म्हणून.

ॲन ओकली या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ बाईंनी हा डाव पलटवला. १९७४ मध्ये त्यांनी घरकामाचा अभ्यास कारखान्यातल्या कामासारखाच केला. तास किती, एकसुरीपणा किती, समाधान किती. लंडनमधल्या चाळीस गृहिणींशी त्या बोलल्या. आठवड्याचे सरासरी तास निघाले ७७. कुठल्याही कारखान्यात इतके तास कायद्याने चालणार नाहीत.

आपल्याकडे २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घरकामात जातात. घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७. आणि हा 'घरकाम करणारा पुरुष' मुळात चारांत एकच निघाला. बायकांत हे प्रमाण शंभरात एक्क्याऐंशी होतं.

हे आकडे शिफ्टच्या घरात नेऊन ठेवा. नवऱ्याची आठवडा फर्स्ट, आठवडा सेकंड, आठवडा नाइट. फर्स्ट असेल तर बाईचा दिवस पहाटे चारला डब्याने सुरू होतो. नाइट असेल तर दिवसभर खोलीत आवाज करायचा नाही, मुलांना बाहेर न्यायचं. म्हणजे शिफ्टमध्ये नवरा काम करतो, पण शिफ्ट पाळते बाई. कंपनीच्या हजेरीपटात तिचं नाव कुठेच नाही.

आणि ती स्वतः कामाला जात असेल तर? पट्ट्यात बायका मोठ्या संख्येने आहेत. वायरिंग हार्नेस, इलेक्ट्रॉनिक्स, पॅकिंग, कँटीन, साफसफाई. पण बऱ्याचशा लहान वेंडरकडे आणि ठेकेदाराकडे. तिथली जोखीम काय असते ते डिसेंबर २०२३ मध्ये तळवड्यात दिसलं. वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली आणि गेलेल्यांत बहुतेक बायका होत्या. मोठ्या कंपनीत सुरक्षा अधिकारी असतो, साखळीच्या शेवटच्या टोकाला बाहेर पडायचा दुसरा दरवाजाही असेलच असं नाही. विषमता पगारात असते, तशी जिवाच्या सुरक्षिततेतही असते.

वोल्फ्सबुर्ग आणि चाकण

फोक्सवॅगनचं नाव दोन्हीकडे आहे, म्हणून ही तुलना सोपी जाते. १९९३ मध्ये कंपनी जर्मनीत अडचणीत होती. सुमारे तीस हजार नोकऱ्या जास्त आहेत असं म्हटलं गेलं. युनियन आणि कंपनी यांनी करार केला : कुणालाही काढायचं नाही, सगळ्यांचे तास कमी करायचे. आठवडा २८.८ तासांचा झाला, पगारही कमी झाला.

समाजशास्त्रज्ञांना ही आयती प्रयोगशाळा मिळाली. कामाचे तास कमी झाले, तर बाप घरात जास्त काम करतो का? उत्तर सरळ 'हो' आलं नाही. कारण तास कमी झाले तसे ते वेडेवाकडेही झाले. प्रत्येक विभागाचं वेळापत्रक वेगळं, बदलतं. घरात वेळ आला, पण तो वेळ बायकोच्या कामाशी, मुलांच्या शाळेशी जुळवणं हेच एक नवं काम झालं. ज्या घरांत आधीपासून वाटणी होती तिथे वेळेचा उपयोग झाला. ज्या घरांत नव्हती तिथे नुसत्या मोकळ्या तासांनी ती आली नाही.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. एक, तासांची संख्या महत्त्वाची, पण तास आधी माहीत असणं तितकंच महत्त्वाचं. रात्री नऊला ठेकेदाराचा फोन, "उद्या सेकंडला ये", याने एका माणसाची शिफ्ट बदलते आणि एका घराचा दिवस विस्कटतो. दुसरी, तो करार होऊ शकला कारण तिथे कामगारांचे प्रतिनिधी निर्णयाच्या टेबलावर कायद्याने बसतात. १९७६ चा सहनिर्णयाचा कायदा आहे. आपल्याकडे चाकणला २०१३ मध्ये बजाजचे कामगार सुमारे पन्नास दिवस कामाबाहेर होते. त्यांची एक मागणी कंपनीचे शेअर सवलतीत मिळावेत अशी होती. ती मान्य झाली नाही. पण मागणीचा अर्थ पाहा : आम्हाला यात वाटेकरी करा.

हक्क कुणाला चिकटलेला आहे?

आता या व्याख्यानाचा गाभा. डॅनिश समाजशास्त्रज्ञ गोस्टा एस्पिंग-अँडरसन यांनी १९९० मध्ये कल्याणकारी राज्यांचे तीन प्रकार सांगितले. ब्रिटन-अमेरिकेत बाजारावर भर, सरकार फक्त अगदी गरिबांसाठी. जर्मनीसारख्या देशांत हक्क नोकरीतून येतात, कर्त्या पुरुषाच्या मागून घराला मिळतात. स्वीडन-डेन्मार्कमध्ये हक्क नागरिक म्हणून मिळतात. मग जेन लुईस आणि इतर स्त्रीवादी अभ्यासकांनी विचारलं : यात बाई कुठे आहे? कमावता पुरुष आणि घर सांभाळणारी बाई हे गृहीत धरूनच बहुतेक राज्यांनी नियम केले आहेत. पश्चिम जर्मनीत तर १९७७ पर्यंत कायदा सांगत होता की घरची कर्तव्यं सांभाळून जमत असेल तरच बायकोने नोकरी करावी.

स्वीडनने १९७४ मध्ये आई-बाप दोघांनाही घेता येईल अशी पालक रजा आणली. पण बाप रजा घेईनात. १९९५ मध्ये एक महिना राखीव केला : घेतला नाही तर बुडाला. तेव्हा बाप घरी बसू लागले. आज ४८० दिवसांपैकी प्रत्येकाचे ९० दिवस राखीव आहेत. आणि ही रजा सामाजिक विम्यातून दिली जाते, त्या एका मालकाच्या खिशातून नाही.

आपल्याकडे २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवडे झाली. चांगलीच गोष्ट. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघरही सांगितलं. पण राज्य विमा योजनेबाहेरच्या बाईच्या रजेचा सगळा खर्च तिच्या मालकावर. मग काही मालक गणित करतात : बाई घ्यायचीच कशाला? खाजगी नोकरीत बापाला रजा देणारा देशव्यापी कायदाच नाही. त्यामुळे मूल म्हणजे फक्त बाईचा 'खर्च' असा हिशोब पक्का होतो.

उलट राज्य विमा योजना, आपली ईएसआय, पाहा. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांसाठी. मालक ३.२५ टक्के भरतो, कामगार ०.७५ टक्का. प्रसूतीचे पैसे महामंडळ देतं. आणि कंपनी बदलली, ठेकेदार बदलला, तरी विमा क्रमांक तोच राहतो. म्हणजे हक्क माणसाला चिकटलेला आहे, खुर्चीला नाही. स्वीडनच्या कल्पनेचं हे आपल्याच घरातलं, १९४८ च्या कायद्यातून आलेलं छोटं रूप. अडचण पुढची : प्रसूतीच्या लाभासाठी ठरलेल्या काळात ७० दिवसांची वर्गणी लागते. ठेकेदाराने भरलीच नाही, किंवा ब्रेक आडवा आला, तर क्रमांक आहे पण हक्क नाही.

युरोपातही सगळं आलबेल नाही. २००८ मध्ये युरोपीय संघाने एजन्सीच्या कामगारांना बरोबरीची वागणूक द्या असं ठरवलं, पण अपवादांच्या वाटा ठेवल्या. जर्मनीतल्या म्हाताऱ्यांची सेवा पोलंडहून आलेल्या बायका करतात आणि त्यांची मुलं मागे आजीकडे असतात. हे चित्र आपल्याला नवं नाही. हिंगोलीची आजी आणि चाकणचे आई-बाप यांचंच ते रूप.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

*प्रश्न : पर्मनंट कामगारांचे हक्क जास्त आहेत म्हणूनच कंपन्या कंत्राटी घेतात, असं म्हणतात. मग ते हक्क कमी करावेत का?*

एकाचे कमी करून दुसऱ्याचे वाढत नाहीत. निगडीच्या त्या पिढीने एका नोकरीवर तीन घरं उभी केली, ते आठवा. प्रश्न असा विचारू : कोणते हक्क नोकरीच्या प्रकाराशी जोडलेले असू नयेत? माझ्या मते आजारपण, प्रसूती, पाळणाघर आणि शिफ्ट आधी कळणं, हे चार. हे चार सगळ्यांना सारखे झाले की कंत्राटी माणूस घेण्यातला बराचसा फायदा उरत नाही.

*प्रश्न : ब्रेकच्या काळात मुलं गावी जातात, शेतात मदत करतात. त्यात इतकं वाईट काय?*

ऑस्ट्रियात मारिएन्थाल नावाचं गिरणीचं गाव होतं. गिरणी बंद पडल्यावर मारी याहोडा आणि सहकाऱ्यांनी तिथला अभ्यास केला, १९३३ मध्ये छापला. ते रस्त्यावरच्या लोकांची चाल मोजत असत. बेकार पुरुष हळू चालत, पुन्हा पुन्हा थांबत. वेळ भरपूर, पण त्या वेळेला आकार नव्हता. बायका मात्र भराभर चालत, कारण घरकामाला कधी ब्रेक नसतो. ब्रेकमध्ये गावी गेलेल्या मुलाला शेतात काम असेलही. पण पुन्हा बोलावतील का, हे त्याला माहीत नसतं. त्याचा फोन सारखा हातात असतो. त्या वाट पाहण्याला पगार नाही, आणि त्या वाट पाहण्यावर कुणी मुलगी देत नाही.

पुढच्या व्याख्यानात आपण याच पट्ट्यातल्या जमिनीकडे वळू : एमआयडीसीला जमीन दिलेली घरं, भाड्याच्या खोल्या आणि ठेकेदारी.